राखून ठेवलेली जागा

माझ्या धाकट्या भावाने वयाच्या अडतिसाव्या वर्षी डॉक्टरकी सोडली आणि एका मॅनेजमेंट कन्सल्टन्सीत नोकरी धरली. तिथे तो नक्की काय करतो, हे आईला समजावताना माझी दमछाक झाली. दुसऱ्याच्या कंपनीत जायचं, चार आठवडे बसून बघायचं आणि तुमचं कुठे चुकतंय ते त्यांना सांगून यायचं, असं मी म्हटलं. आई म्हणाली, "म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या." इतकी नेमकी व्याख्या त्याच्या कंपनीच्या पत्रकातही नसेल.

मी थोरली. शाळेत गणित शिकवते आणि उत्तर जुळलं नाही तर मला घास गोड लागत नाही. नऊ वर्षं अतिदक्षता विभागात काढलेला, गल्लीत ज्याला सगळे 'डॉक्टर' म्हणूनच हाक मारतात असा माणूस सगळं सोडून का जातो? शेजारच्या काकूंच्या मते एखादा पेशंट दगावला असणार आणि याने ते मनाला लावून घेतलं. आमच्या ह्यांच्या मते वरिष्ठांशी वाजलं असणार. मी त्यालाच तीनदा विचारलं. पहिल्यांदा तो म्हणाला, कंटाळा आला. दुसऱ्यांदा म्हणाला, बघावंसं वाटलं. तिसऱ्यांदा त्याने मलाच विचारलं की तुमच्या शाळेत मधल्या सुट्टीनंतरचा तास दहा मिनिटं उशिरा का सुरू होतो. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

आई मात्र काही विचारत नव्हती, ती तारखा मोजत होती. कारण विभागाच्या मोठ्या डॉक्टरांनी त्याला शब्द दिला होता की सहा महिने तुझी जागा भरत नाही, हौस फिटली की परत ये. नव्या कंपनीतही पहिले सहा महिने पारखण्याचेच होते. म्हणजे हा दोन दगडांवर पाय ठेवून उभा, आणि सहा महिने संपले की हॉस्पिटलचा दगड पाण्याखाली जाणार. तो परत येईल, असं आईने मनात पक्कं धरलं होतं.

खरं सांगायचं तर लक्षणं आधीपासून दिसत होती, माझंच लक्ष नव्हतं. माझ्या लग्नात जेवणानंतर हात धुवायला पाहुण्यांची ही रांग लागली होती. हा तेव्हा कॉलेजात होता. सगळे पाण्याच्या नावाने ओरडत असताना हा नळाशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, पाणी भरपूर आहे, उष्ट्या ताटांचा ढीग नळाच्या आड आलाय. ढीग हलवला, रांग संपली. पुढे हॉस्पिटलच्या गोष्टी सांगतानाही आजाराबद्दल तो दोन वाक्यांत आटपायचा. पण सकाळी नऊला बरा झालेला पेशंट दुपारी दोनपर्यंत खाट का सोडत नाही, हे सांगायला लागला की त्याचे डोळे चमकायचे. घरी सोडायचा कागद एका सहीसाठी एका टेबलावर पडून असतो, हे शोधायला तो एकदा सुट्टीच्या दिवशी त्या कागदामागे चार मजले फिरला होता. सुट्टीच्या दिवशी कागदाच्या मागे फिरणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

कंपनीत गेल्यावर पाच महिने त्याने वरिष्ठांच्या हाताखाली तक्ते भरले. सहाव्या महिन्यात त्याला पहिलं मोठं काम मिळालं, ते एका लाँड्रीचं. हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी धुणारी मोठी लाँड्री. दुपारी दोनला निघायच्या गाड्या संध्याकाळी सहाला निघत होत्या, आणि मालकांचं म्हणणं, यंत्रं म्हातारी झाली, नवी कुठली घ्यावीत तेवढं सांगा. याच्यावर देखरेखीला होत्या मॅडम, याच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आणि कामाला एकदम चोख.

डॉक्टरने चाळीस गठ्ठ्यांना लाल दोरा बांधला आणि प्रत्येक गठ्ठ्याचा एक तक्ता केला, वॉर्डात खाटेला अडकवतात तसा. दर तासाला गठ्ठा कुठे आहे, कोणाच्या हातात आहे, कशासाठी थांबलाय, सगळी नोंद. घडीच्या टेबलावरच्या बायका हसून विचारायच्या की आज कोणाला ताप आहे. मॅडमही आधी हसल्या, मग त्यांनीच ते तक्ते भिंतीवर लावले. धुणं वेळेत होत होतं, वाळवण, इस्त्री, घडी सगळं वेळेत होत होतं. मग गठ्ठे दारापाशी एका टेबलावर साडेतीन तास पडून राहत होते. कारण प्रत्येक चादर मालक स्वतः हाताने तपासत, आणि मालकांना शंभर कामं. "आमच्या हाताखालून गेल्याशिवाय चादर बाहेर जात नाही," असं त्यांनी पहिल्याच दिवशी अभिमानाने सांगितलं होतं.

म्हणजे दुखणं मालकच होते. आता कंपनीचा नियम असा की निष्कर्ष आधी मॅडमना दाखवायचा आणि शुक्रवारच्या बैठकीत पडद्यावर सगळ्यांसमोर मांडायचा. त्याआधी मालकांशी अवाक्षर नाही. पण पंधरा कामगारांच्या देखत एका माणसाला तूच दुखणं आहेस म्हणून सांगायचं, हे आमच्या डॉक्टरला काही पटेना. त्याला अशी बातमी सांगायची एकच रीत ठाऊक होती. अतिदक्षता विभागात वाईट बातमी सांगायची वेळ आली की सगळे त्यालाच पुढे करत. नातेवाइकाला वेगळ्या खोलीत न्यायचं, दार लावायचं, बसायचं, आवाज खाली आणायचा, आधी घरचं कोणी सोबत आहे का ते विचारायचं, आणि मग एका वाक्यात खरं सांगून गप्प राहायचं. नऊ वर्षांत ही रीत त्याच्या हाडीमासी खिळली होती.

गुरुवारी सकाळी त्याने मालकांना साबणाच्या कोठारात नेलं, दार लावलं, दोन पिंपं पालथी घातली, आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मालक, घरचं कोणी जवळपास आहे का? बोलावून घ्या, मग बोलू."

मालकांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. लाँड्री संपली, असाच त्यांनी अर्थ घेतला आणि आपल्या आईला फोन लावला. ते फोनवर काय बोलले ते दाराबाहेर ऐकू गेलं, आणि अर्ध्या तासात सगळ्या लाँड्रीला कळलं की उद्यापासून कुलूप. घडीवाल्या बायकांनी डबे पिशवीत भरले. इस्त्रीवाल्याने दुसऱ्या लाँड्रीत मेव्हण्याला विचारून ठेवलं. मॅडम आल्या तेव्हा यंत्रं बंद आणि माणसं अंगणात. सगळं ऐकून घेतल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "डॉक्टर, इथे कोणी मरत नसतं."

तेवढ्यात मालकांच्या आई आल्या. पंच्याहत्तरीच्या, दोन टबांवर ही लाँड्री सुरू केलेल्या. पिंपावर बसल्या आणि म्हणाल्या, काय असेल ते सांगा. मॅडम अडवणार, त्याआधी डॉक्टरने आपलं एक वाक्य सांगून टाकलं की यंत्रं ठणठणीत आहेत, तयार गठ्ठा साडेतीन तास तुमच्या मुलाची वाट बघत पडून असतो. आणि गप्प राहिला. मालक लालबुंद झाले. त्यांच्या आई मात्र हसत सुटल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणाल्या. प्रत्येक चादर तपासायचा नियम त्यांचाच होता, दिवसाला तीस चादरी असतानाचा. आता तीन हजार होत्या आणि नियम तोच. मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "बरं, मग आता काय करायचं?"

घडीवरच्या दोन जुन्या बायका तशीही प्रत्येक चादर बघतात, डागाळलेली फाटकी त्यांनीच बाजूला काढावी, मालकांनी वीस गठ्ठ्यांतला एक उघडून पाहावा, असं डॉक्टरने सांगितलं. शुक्रवारी तसं करून बघितलं. गाड्या दोन वाजून दहा मिनिटांनी निघाल्या.

पण नियम मोडला तो मोडलाच. मॅडमनी स्पष्ट सांगितलं की सोमवारी मला हे वर कळवावं लागेल, आणि वरचे काय म्हणतील ते मला माहीत नाही.

हे सगळं त्याने रविवारी दुपारी आईच्या घरी जेवताना सांगितलं. हॉस्पिटलच्या सहा महिन्यांची शेवटची तारीख होती सोमवार. आईच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली. ती म्हणाली, नाहीतरी ते तुला ठेवत नाहीत, आजच मोठ्या डॉक्टरांना फोन कर आणि उद्यापासून रुजू हो. तो भात कालवत राहिला. माझ्याने राहवेना. मी चौथ्यांदा विचारलं, या वेळी जरा रागानेच, की तू ते सोडलंस तरी का.

तो म्हणाला, "ताई, नऊ वर्षं मी ती बातमी सांगितली की समोरचा माणूस हेच विचारायचा. मग आता काय करायचं? आणि माझ्याकडे बहुतेक वेळा काहीच नसायचं. गुरुवारी होतं."

माझं उत्तर जुळलं, पण मला त्याचा आनंद झाला नाही. नऊ वर्षं त्याच्या खाटा-कागदांच्या गोष्टींवरून मी त्याची टिंगल करत होते आणि हे एकदाही माझ्या लक्षात आलं नव्हतं, याची मला लाज वाटली. आईने त्याच्या ताटात आणखी भात वाढला आणि विचारलं, "मग ती जागा कशाला अडवून ठेवलीस?"

सोमवारी काही वेडंवाकडं झालं तर असावी म्हणून, तो म्हणाला. आई म्हणाली, "तिथं आजारी माणसं आहेत. त्यांना डॉक्टर नको?"

सोमवारी मॅडमनी त्याच्या बाजूने भांडून त्याला ठेवून घेतलं, पण रविवारी दुपारी हे कोणाला ठाऊक होतं? तरी त्याने हात धुतले आणि आमच्यासमोरच मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. मी परत येत नाही, जागा भरा, असं सरळ सांगितलं. पलीकडून ते बराच वेळ बोलत होते. हा नुसता हो, हो म्हणत होता.

फोन ठेवून तो खुर्चीत बसला. काय म्हणाले, मी विचारलं.

"बरं झालं म्हणाले," तो म्हणाला. "एक डॉक्टर मुलगी त्या जागेसाठी थांबलीय. मी कधी हो-नाही सांगतो, म्हणून तिला थोपवून धरलं होतं."

"किती दिवस?"

"चार महिने, ताई."