काळजातलं लोखंड

वितालियाने सार्डिनिया बेटाबाहेर कधी पाऊल टाकलं नव्हतं. तेहतीस वर्षांत तिची सगळ्यात लांबची मजल म्हणजे काल्यारीचं इस्पितळ. दर तीन आठवड्यांनी तिथे जाऊन दोन पिशव्या रक्त चढवून घ्यायचं, आणि त्या परक्या रक्तातलं लोह अंगात साचू नये म्हणून रोज झोपताना पोटात सुई खुपसून कमरेला औषधाचा छोटा पंप बांधायचा. सार्डिनियात थॅलेसेमिया कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तिच्या एकाच गल्लीत अशी तीन घरं होती. तिचा थोरला भाऊ अंतिओको त्यातच एकोणिसाव्या वर्षी गेला. हृदय थांबलं.

ती आई ग्रेकाबरोबर लग्नाचे पाव करायची, कात्रीने कातरून फुलं-पाखरं काढलेले. त्या वसंतात समुद्रापलीकडच्या तोरीनोतल्या मावसबहिणीने तिला आपल्या बेकरीत बोलावलं. वितालियाने आईला न विचारता होकार कळवला. तिथल्या डॉक्टरांनी एवढंच मागितलं, की हृदयाचा एमआरआय करून पाठवा. हे नवीन तंत्र काल्यारीत नुकतंच आलं होतं.

"पाव भट्टीत जातो तसं जायचं पोरी," मशीनवरचा गाविनो छातीवर तारा चिकटवत म्हणाला. "फक्त भाजायचं नाही."

"पाव ओरडत नाही," वितालिया म्हणाली.

पण ओरडली तीच. नळकांडं नाकाला टेकेल इतकं जवळ, हात अंगाशी आवळलेले, आणि कानाशी धडधड हातोडे. दुसऱ्या मिनिटाला तिने हाक मारायला हातात दिलेला रबरी गोळा दाबला. गाविनोने बाहेर ओढून पाणी पाजलं.

"डोळे मिटूनच आत जा. श्वास रोख म्हटलं की रोखायचा, पंधरा सेकंद. बाकी सगळं माझ्यावर सोड."

ती पुन्हा आत गेली. या वेळी टिकली.

डॉक्टर पिरास तिला लहानपणापासून बघत आल्या होत्या. आठवड्याने त्यांनी मायलेकींना बसवलं आणि पडद्यावर चित्रं लावली. हृदयाची भिंत एकेका चित्रात काळवंडत गेली होती, शेवटच्यात कोळशासारखी.

"जिथे लोह, तिथे चित्र लवकर काळं पडतं. किती वेळात काळं पडतं, तो आकडा वीसच्या वर हवा. तुझा नऊ आहे."

"पण रक्ताचे रिपोर्ट चांगले येतात! तुम्हीच शाबासकी देता."

"यकृत साफ आहे म्हणून ते चांगले येतात. हृदय साचलेलं लवकर सोडत नाही. हे जुनं आहे, वितालिया. पंप कधी बंद ठेवला होतास?"

वितालियाने पडद्यावरून नजर हलवली नाही. आई शेजारीच होती.

"आता पंप दिवसरात्र, जोडीला गोळ्या. आणि तोरीनो आत्ता नाही. ठोके कधीही चुकतील. मला तू डोळ्यांसमोर हवीस."

दोघी बसने गावी निघाल्या. गावाच्या वेशीपाशी वितालियाच्याने राहवेना.

"आई, अंतिओको गेल्यावर तीन वर्षं मी औषध मोरीत ओतत होते."

"मला ठाऊक आहे."

"काय?"

"तुझे कपडे मीच धुवायचे. तीन वर्षांत रक्ताचा एक ठिपका लागला नाही. पोटावर सुईची गाठ नव्हती."

"मग बोलली का नाहीस?"

ग्रेका खिडकीबाहेर बघत राहिली. "त्याच्यावर पंपावरून रोज ओरडायचे. भांडणातच गेला तो. तुझ्यावर ओरडायची छाती झाली नाही गं."

"ओरडायला हवं होतंस!" वितालिया इतक्या जोरात म्हणाली, की ड्रायव्हरने आरशात पाहिलं.

तिने तोरीनोला नकार कळवला. आता पंप खांद्यावरच्या पिशवीत असायचा. कणीक तिंबताना, चर्चमध्ये, संडासातसुद्धा. नळी दाराच्या कडीला अडकली की पोटातली सुई खेचली जायची आणि ती जागच्या जागी थबकायची. गल्लीच्या टोकापर्यंत जायचं तरी ग्रेका विचारी, "कुठे?" आणि आता ग्रेका ओरडायचीही. "सुई बदललीस? मग दाखव!" वितालिया तितक्याच आवाजात म्हणायची, "मी काय कैदी आहे?" शेजारीण खिडकी लावून घ्यायची.

वर्षाने पुन्हा एमआरआय झाला. आकडा बारा आला. डॉक्टर पिरास खूश झाल्या. "छान चाललंय!"

"वीस व्हायला किती?"

"तीन वर्षं. चारही लागतील."

वितालियाने मान हलवली, पिशवी खांद्यावर नीट केली आणि बाहेर आली. बाकावर ग्रेका उठून उभीच होती.

"बारा," वितालिया म्हणाली. "चल, बस चुकेल."