पहिल्या पानावरची चूक

"स्वतः बघितलंत?" एवढं विचारून सर चष्मा कपाळावर चढवायचे आणि समोरच्याकडे बघत बसायचे. समोर पीएच.डी. झालेला माणूस असो, नाहीतर पाऊस पडतोय असं सांगत आत शिरलेली मी. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल, आणि त्याला बघून तुम्हीही कधीतरी रस्ता बदलला असेल.

भोरला एसटी स्टँडजवळ माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल आणि इथल्या एका विज्ञान मंडळाचं त्रैमासिक, असं सगळं एकाच कॉम्प्युटरवर चालायचं. सर त्या त्रैमासिकाचे संपादक. मूळचे भोंगवलीचे, वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक.

आलेला लेख नुसता वाचून पास करणं त्यांना जमायचं नाही. एकदा कुणीतरी वेल्ह्याकडच्या विहिरींच्या पाण्याच्या तापमानावर लेख पाठवला. सर कापूरहोळला एसटी बदलून तिकडे गेले आणि सुतळीला थर्मामीटर बांधून विहिरीत सोडत बसले. पाण्याला आलेल्या बायकांनी विचारलं, "सर, इहिरीला ताप आलाय व्हय?"

"इहिरीला न्हाई, लेखाला आलाय," सर म्हणाले. लेख परत गेला.

अंकाचं पहिलं पान मागच्या अंकातल्या चुकांच्या दुरुस्त्यांचं, हा त्यांचा नियम. संपादकीय त्यानंतर. "चूक पुढच्या दारानं आली ना? मग जाईलही पुढच्याच दारानं," म्हणायचे.

सरांचं नाव झालं होतं ते एका जुन्या लेखामुळे. गडाखालच्या पालीच्या उतारावरून एका जातीचं वेलावरचं कंदीलपुष्प नाहीसं झालं, असं त्यात लिहिलं होतं. पुढे ज्याला त्याला भाषणात हळहळायला तो लेख फार उपयोगी पडला. संपादकपदाच्या शेवटच्या वर्षी, दुसऱ्याच कुणाचा तरी लेख पडताळायला सर पालीला गेले आणि पाणी प्यायला एका म्हाताऱ्या मावशींच्या दारात थांबले. त्यांच्या बांधामागे तेच फूल डोलत होतं.

"ही खरपुडी? ही लई वरसं हाय हितं," मावशी म्हणाल्या. "तुमी समदी गडाकडं बघत जाता. आमाला कुठं इचारलं?"

सर दुकानात आले ते पेढे वाटायला आल्यासारखे. "ताई, मी चुकलो," म्हणाले आणि चार ओळींची दुरुस्ती माझ्यासमोर ठेवली. तो कागद पहिल्या पानावर छापून यावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

पण तेवढ्यात मंडळानं संपादक बदलला. शाल, श्रीफळ, "सरांचं मार्गदर्शन आम्हाला यापुढेही लाभेल," सगळं यथासांग झालं. नवे संपादक उत्साही होते. त्यांनी त्रैमासिकाच्या नावाआधी 'आंतरराष्ट्रीय' लावलं. आमचे सगळ्यात लांबचे वर्गणीदार कापूरहोळला होते. सल्लागार मंडळावर परदेशी नावं आली, त्यांतल्या किती जणांना ते माहीत होतं देव जाणे. लेख यायच्या आधी स्वीकारपत्र जाऊ लागलं. लेखकाला प्रमाणपत्र, पहिल्या पानावर संपादकांचा फोटो. दुरुस्त्या आधी शेवटच्या पानावर गेल्या, मग तिथे क्लासची जाहिरात आली.

सरांचा कागद त्यांनी हसत परत केला. "सर, तुमचा एवढा नावाजलेला लेख. तो चुकला म्हटलं तर अंकाची पत जाईल."

"चूक माझी. पत अंकाची कशी जाईल?"

नवे संपादक पुन्हा हसले. त्यांना तेवढं छान जमायचं.

त्यानंतर प्रत्येक अंकाच्या वेळी सर दुकानात यायचे. चष्मा कपाळावर नसायचा. "ताई, या खेपेला बसेल का हो?" विचारायचे. "बघते सर," मी म्हणायची, आणि काही बघायची नाही. अंकाचं काम हातचं जाईल, ही भीती होती. याची मला आजही लाज वाटते.

आषाढात सर गेले.

भाद्रपदाच्या अंकासाठी श्रद्धांजलीचा मजकूर आला. पहिलं पान, काळी चौकट. त्यात लिहिलं होतं: पालीच्या उतारावरून कंदीलपुष्प नामशेष झाल्याचं सिद्ध करणं, हे सरांचं सर्वांत मोठं कार्य.

मी कॉम्प्युटर बंद केला. सरांनी शेवटच्या खेपेला माझ्याकडेच ठेवलेला कागद ड्रॉवरमध्ये होता. तो तसाच टाईप करायला बोटं धजेनात. बाजूला उभं राहून कुणीतरी चष्मा कपाळावर चढवून विचारेल असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून कापूरहोळला एसटी बदलली. पालीत मावशींनी मला बांधामागे नेलं.

"सर न्हाई आलं औंदा?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. वेलावरचं गवत त्यांनी हातानं बाजूला केलं, मला नीट दिसावं म्हणून.

काळ्या चौकटीच्या खाली मी त्या चार ओळी सरांच्या नावानिशी घातल्या. छापण्याआधी नवे संपादक फक्त आपला फोटो तपासत, त्यामुळे अडचण आली नाही. अंक घरोघर गेल्यावर त्यांचा फोन आला.

"हे कुणी घातलं?"

"मी."

"तुम्हाला वनस्पतिशास्त्रातलं काय कळतं?"

"काहीच नाही," मी म्हटलं. "पण मी स्वतः बघून आले."