अंगणात मांडलेला संसार

२०१८ची दिवाळी नुकतीच उरकली होती. फराळाचे डबे अजून फळीवरच होते. मी शाळेतून येऊन चहाचं आधण ठेवत होते, तेवढ्यात मांडणीवरचे पेले किणकिणले. आमचं तलासरीतलं घर हायवेपासून फार लांब नाही. एखादा मोठा ट्रेलर गेला की खिडकीची काच थरथरते, आणि मला त्याची इतकी सवय झालेली की मी मान वर करूनही पाहिलं नाही. पण सासूबाई मागच्या दारातून लगबगीने आत आल्या.

"ट्रक नव्हता तो," त्या म्हणाल्या. "खालून आला."

खालून आलेलं ते मग येतच राहिलं. कधी नुसता घुमल्यासारखा आवाज, कधी पायाखाली एक हलका धक्का, कधी भिंतीवरचं घड्याळ वाकडं. काही दिवस गेले की वाटायचं, संपलं एकदाचं. आणि मग भाजी चिरताना विळी जाग्यावरून सरकायची. डहाणू काय, तलासरी काय, सगळीकडे तीच बोलणी. बाजारात भाव विचारायच्या आधी लोक विचारायचे, "सकाळचा जाणवला का?"

घरात आम्ही पाच जण. नवरा डहाणू रोडला रेल्वेत, त्याची ड्युटी पाळ्यांची. मुलगी पाचवीत, मुलगा पहिलीत. सासूबाई उंबरगावकडच्या, लग्न होऊन इकडे आल्याला चाळीस वर्षं झाली तरी राग आला की त्यांची मराठी गुजरातीत उतरते. आणि मी, गावाबाहेरच्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सकाळी दोन डबे, एक टिफिन, तांदळाच्या भाकऱ्या, मुलीच्या वेण्या, मुलाचा हरवलेला एक मोजा, आणि मग स्कूटीला किक. संध्याकाळी तेच उलट्या क्रमाने. धावपळीची मला कधी तक्रार नव्हती. मला कामं झरझर हातावेगळी करायला आवडतात, आणि मी ती चांगली करते, हे मला कुणी सांगायला नको.

एका रविवारी नवरा म्हणाला, "अगं, मुलांना घेऊन डहाणूला चल. मी क्वार्टरसाठी विचारून ठेवलंय."

"डहाणूची जमीन काय वेगळी आहे? तिकडेही हलतेच आहे की."

"पण पक्कं बांधकाम आहे. इथे डोक्यावर कौलं."

"आणि माझ्या शाळेतली मुलं? त्यांना कोण क्वार्टर देणार? ती तिथेच राहणार, तर मीही रोज तिथेच जाणार. मग डहाणूहून ये-जा करून रस्त्यातच आयुष्य घालवू का?"

तो हसला. माझ्याशी वाद घालताना तो अर्ध्यावर हसतो, म्हणजे हरलेला असतो. "मग काय करायचं म्हणतेस?"

"अंगणात राहायचं. कौलं डोक्यावर नकोत ना? मग आकाश चालेल."

त्याच दिवशी आम्ही आंब्याच्या झाडापासून जरा लांब, मोकळ्यात, चार बांबू रोवले आणि निळी ताडपत्री ताणली. दोन खाटा, गाद्या, पांघरुणांची ट्रंक, मुलांची दप्तरं असं सगळं एकेक करून बाहेर आलं. शेजारपाजारीही तेच चाललं होतं. मी शेगडी आणि सिलिंडर बाहेर काढायचं म्हणत होते, पण तोवर सासूबाईंनी तीन विटा मांडून चूल पेटवलीही होती. शाळेतही वर्ग बाहेर भरवायला लागलो होतो. घरी अंगण, शाळेत अंगण. माझे कपडे आणि केस दोन्हींना धुराचा वास येई.

संसार बाहेर आला तो ठीक, पण माझी एक गोष्ट त्यात हरवली. वर्षानुवर्षं मी सगळ्यांच्या आधी उठते. त्या वेळात मागच्या पायरीवर बसून एक मोठा पेला आल्याचा चहा, आणि आदल्या दिवशीची भाकरी तव्यावर तूप सोडून कडक केलेली, वर चिमूटभर साखर. कुणाशी बोलायचं नाही, काही आठवायचं नाही. दिवसभरात माझ्या एकटीचं असं तेवढंच असे. अंगणात मात्र मी काडी ओढली की चार जोडी डोळे उघडत. मुलीला कंगवा हवा, मुलाला शी लागलेली, नवऱ्याला विचारायचं असे की आज किती वाजता निघायचं. एकदा मी पेला घेऊन गुपचूप आत मागच्या पायरीकडे निघाले, तर सासूबाई पांघरुणातूनच ओरडल्या, "आत नको जाऊस! चहा प्यायला मरायचंय का?"

मी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी जाहीर केलं. "उद्यापासून, शेजारच्या भिंतीवर ऊन येण्याआधी जो जागा दिसेल, त्याने पाणी भरायचं आणि सगळ्यांची पांघरुणं घडी करायची."

दुसऱ्या दिवशी मी चूल पेटवली. धूर झाला, भांडं वाजलं, शेजारचा कोंबडा आरवून दमला, पण एकही डोळा उघडला नाही. माझा मुलगा तर डोळे इतके गच्च मिटून पडला होता की त्याच्या नाकाला सुरकुत्या पडल्या होत्या. सासूबाईही पाठ करून निपचित. मी खाटेच्या कडेला बसून ताडपत्रीवरचं दव टपटपताना बघत आख्खा पेला संपवला. भाकरीसुद्धा कुणाला दिली नाही.

असे दिवस चालले होते. मग फेब्रुवारीत एका दुपारी मोठा धक्का बसला.

जेवणाची सुट्टी होऊन गेली होती. मी झाडाखाली पोरांना चिंचोक्यांवर वजाबाकी शिकवत होते. आधी तो घुमणारा आवाज आला, मग जमीन अशी हलली की मांडलेले चिंचोके आपोआप एकमेकांत मिसळले. मागे रिकाम्या वर्गाची कौलं धडाधड घसरून पायरीवर फुटली. मुलं किंचाळली. जी उठून पळायला निघाली होती त्यांना मी ओरडूनच खाली बसवलं.

"हात धरा! एकमेकांचे हात धरा! बे एके बे, म्हणा!"

पहिल्यांदा एकटीच म्हणत होते. मग दोघी, मग दहा जण, मग सगळा वर्ग. दहाच्या पाढ्यापर्यंत पोचलो तोवर जमीन थांबलेली होती आणि मुलांचे आवाजही बऱ्यापैकी सरळ झाले होते. कुणाला लागलं नव्हतं. मी एकेकाच्या डोक्यावरून, हातावरून हात फिरवून पाहिलं आणि मग फोन काढला. घरी लागेना. मुलांच्या शाळेत लागेना. नवऱ्याचा तर बंदच येत होता.

आमच्या शाळेतले दुसरे गुरुजी म्हणाले, "बाई, तुमची मुलं लहान आहेत. तुम्ही निघा, मी थांबतो."

माझ्या डोळ्यांपुढे माझा मुलगा येत होता. घाबरला की तो रडत नाही, गप्प होतो आणि कुठेतरी कोपऱ्यात जाऊन बसतो. कोपऱ्यात, म्हणजे भिंतीशी. पण समोर जी पोरं बसली होती त्यांनी माझ्या ओढणीचं टोक, बोटं, जे मिळेल ते धरून ठेवलं होतं. त्यांचे आईबाप कुणी वाडीत कामाला, कुणी कंपनीत. एकटे गुरुजी सगळ्यांना कसे पुरणार?

"सगळी घरच्यांच्या हाती दिली की जाते," मी म्हटलं.

एकेक जण येत गेलं. कुणाची आई कामावरून तशीच पळत आली, हाताला अजून माती. शेवटच्या मुलीला तिचे काका सायकलवर घेऊन गेले, तेव्हा मी स्कूटी काढली. रस्त्यात काय दिसलं ते मला आज सांगता येणार नाही. मुलांच्या शाळेच्या फाटकाला कुलूप होतं. वॉचमन बाहेर उभा होता.

"सगळी गेली मॅडम. तुमची दोन्ही त्यांच्या आजी घेऊन गेल्या."

मला खरं वाटेना. सासूबाईंचे गुडघे धरलेले. नाक्यावरच्या किराणा दुकानापलीकडे त्या गेल्या दोन-तीन वर्षांत एकट्या गेल्या नव्हत्या, आणि शाळा तर गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी घरी पोचले तर अंगणात खाटेवर तिघं रांगेत बसून वालपापडीच्या शेंगा सोलत होती. सासूबाईंच्या चपलेचा अंगठा तुटलेला, पायांवर धूळ. मुलगा मला बघताच उडी मारून आला.

"मम्मी, आजी वॉचमनकाकांना गुजरातीत ओरडली! ते आम्हाला सोडतच नव्हते!"

"ओळखपत्र मागत होता," सासूबाई म्हणाल्या. "माझ्याच नातवंडांसाठी मला ओळखपत्र!"

मी स्कूटी स्टँडला लावायला गेले आणि ती माझ्या हातातून आडवी झाली. त्या वेळी जमीन अगदी स्थिर होती.

"बेसी जा," सासूबाई खाटेवर जागा करत म्हणाल्या. "पहेलां चा पी ले."

चहा त्यांनी चुलीवर झाकून ठेवला होता. नवऱ्याचाही ठीक असल्याचा फोन घरी येऊन गेला होता. मी दोन घोट घेतले आणि विचारलं, "आई, तुम्ही एवढं चालत गेलात?"

"मग काय करणार? तू तिकडची पोरं सोडून यायची नाहीस, हे मला ठाऊक होतं. मग इथली कुणीतरी आणायला नकोत?"

त्यात टोमणा नव्हता. त्या पुन्हा पापडी सोलायला लागल्या. लग्नाला बारा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत मला कुणी दिलेली ही सगळ्यात मोठी शाबासकी होती, आणि ती शेंगा सोलता सोलता आली.

त्या आठवड्याचा रविवार नवऱ्याला सुट्टीचा होता. सासूबाईंनी सकाळीच त्याला बाजारात पिटाळलं. मोठं मडकं, पापडी, कंद, रताळी, छोटे बटाटे, हिरवी लसूण. त्यांच्या माहेरी थंडीत शेतावर मडक्यात भाज्या भाजून उंबाडियू करत, तसं करायचं होतं. आम्ही ते नेहमी हायवेच्या कडेला गाडीवर विकत घेऊन खायचो. घरी कधी झालं नव्हतं, कारण शेगडीवर ते होतच नाही. त्यांनी ओवा आणि हिरव्या मसाल्यात सगळ्या भाज्या चोळल्या, मडक्यात रानपाल्याचा थर दिला, भाज्या भरल्या, तोंडाशी पुन्हा पाला गच्च बसवला आणि मडकं उपडं ठेवून भोवती गोवऱ्या रचून पेटवल्या. मी उठायला लागले की म्हणायच्या, "तू बस. आज तुझं काही काम नाही."

मी बसले. मला बसता येतं, हे त्या दिवशी कळलं. मुलीने माझ्या वेणीत अबोली माळली, मुलगा मडक्याभोवती फेऱ्या घालत राहिला. शेजारच्या दोन घरांतली माणसं वासानेच आली. मडकं उघडलं तेव्हा धुराचा आणि ओव्याचा असा काही लोट उठला की सगळे एकदम "आहा" म्हणाले. कंद बोटांनी फुटत होता. पापडी सालासकट खायची, तोंड भाजत असलं तरी. मधेच एक बारीकसा धक्का आला. ताडपत्री हलली, आम्ही एकमेकांकडे पाहिलं, आणि नवऱ्याने चटणीची वाटी पुढे सरकवली.

पुढे धक्के विरळ झाले. पूर्ण थांबले नाहीत, पण एप्रिलचं ऊन ताडपत्रीखाली बसू देईना, तेव्हा गवंडी बोलावून भिंतींना पडलेल्या भेगा भरून घेतल्या आणि हळूहळू आत गेलो. आधी मुलांची दप्तरं, मग ट्रंक, मग आम्ही. चूल मात्र सासूबाईंनी मोडू दिली नाही. आणि मुलांना शाळेतून आणायचं काम त्यांनी परस्पर स्वतःकडे घेतलं. नव्या चपला आणल्या, गुडघ्याला पट्टा बांधला, आणि वॉचमनशी त्यांची आता इतकी दोस्ती झाली की रोज त्याच्या घरची खबर आमच्या घरी येऊ लागली.

"अहो आई, मी आणते ना येताना," मी एकदा म्हणून पाहिलं.

"तू सावकाश ये," त्या म्हणाल्या.

म्हणून मी सावकाश येऊ लागले. पाड्याच्या फाट्यावर एक बाई ताडगोळे घेऊन बसे. मी स्कूटी सावलीत लावायची, पर्स हँडलला अडकवायची आणि तिथेच उभी राहून खायची. ती कोयत्याने फळ तासून द्यायची, मी अंगठ्याने गर बाहेर काढायची. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचं आणि मी ते पुसायचीही नाही. घरासाठी वेगळे बांधून घ्यायची, पण हे माझे.

"आणखी एक देऊ, बाई?" ती विचारायची.

"द्या की," मी म्हणायची.