दार रस्त्याकडे

बाळांनो, आज राजापेठेत एक गवंडी मोकळ्या जागेवर पायाच्या आखणीसाठी फक्की मारत होता. चुन्याचा कोरडा वास आला आणि मला तेल्हाऱ्याजवळचं एक गाव आठवलं. गावातल्या कुटुंबांना पहिलं पक्कं घर बांधायला तुमची ही आजी तेव्हा मदत करत असे.

त्या दिवशी शेवंताबाईंच्या घराची आखणी होती. मंजूर नकाशाप्रमाणे मी दार मागच्या बाजूला धरलं. शेवंताबाई म्हणाल्या, "म्याडम, माही सासू दिसभर बाजीवर पडून रायते. आता तुराट्यांच्या कुडाच्या फटीतून तिले रस्ता दिसते. तुमच्या विटांतून काय दिसन?"

झोपडीतून म्हातारी ओरडली, "कोनाची सून कोनासंग भांडून रायली, हे मले समजलं पायजे!"

सगळे हसले. कुडाच्या त्या फटी मी पाहणीच्या कागदावर फक्त गरिबी म्हणून लिहिल्या होत्या. मग मीच चपलेनं फक्कीची रेष पुसली आणि दार रस्त्याकडे घेतलं.

मागच्या महिन्यात तिथून गेले. त्या दाराशी, त्याच बाजेवर, आता शेवंताबाई बसतात. माझी गाडी थांबायच्या आत हाक आली, "म्याडम, कुठं चालल्या? चहा पिऊन जा!"