सपाट रस्त्यावरचा चढ

रस्ता सपाट होता. मी त्याला सांगितलं, चढ आहे. ही गोष्ट मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, सोबतच्या सायकलवाल्यांपाशी तर नाहीच.

मी पुसदला कापडाचं दुकान चालवतो. चाळिशीनंतर शुगर निघाली, डॉक्टर म्हणाले घाम गाळा, म्हणून सायकल घेतली. माझ्यासारखेच आणखी काही जण होते. दोन डॉक्टर, एक ठेकेदार, काही मास्तर. गट झाला, गटाला अध्यक्ष झाला, आणि अध्यक्ष झाला की समाजसेवा सुचतेच. दिव्यांग खेळाडूंसाठी निधी जमवायला पुसद ते मारेगाव, यवतमाळ-घाटंजीवरून, दोन दिवसांची सायकल मोहीम ठरली. पण नुसते आम्ही पोटं सुटलेले लोक सायकलवर बसलो तर फोटो होतो कुठे? अध्यक्षांनी कुठून तरी दोघांची सायकल मिळवली. पुढे डोळस माणूस, मागे अंध खेळाडू. पुढे बसायला मी हात वर केला. सगळ्यात आधी केला, हेही सांगून टाकतो.

मागे बसायला तो आला. घाटंजीकडचा, पंचविशीतला, जन्मापासून दिसत नाही. पंधराशे मीटर पळायचा. त्याचा मावसभाऊ त्याच्या बाजूनं पळायचा, दोघांच्या मनगटात एक छोटी दोरी. मोहीम संपली की त्याच रविवारी नागपूरला त्याची निवड चाचणी होती. तिथे न्यायला गटानं गाडी कबूल केली होती, आणि गाडी माझी होती. त्यासाठीच तो आमच्यासोबत यायला तयार झाला.

निघायच्या आधी मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, मी मांगं बसतो. पण मले पाय रविवारसाठी पायजे. मी निस्ते फिरवीन, जोर तुमचा."

"अरे, तू राजासारखा बस," मी म्हणालो. "ओढायला मी आहे ना."

या सायकलीची एक गोष्ट सांगायला हवी. दोघांचे पायडल एकाच साखळीनं बांधलेले असतात. एकानं जोर सोडला तरी त्याचे पाय थांबत नाहीत, दुसरा फिरवतो म्हणून फिरतच राहतात. रस्त्यावरून बघणाऱ्याला दोघंही मेहनत करताना दिसतात. हँडल, ब्रेक, गिअर सगळं पुढच्याकडे. मागच्याकडे फक्त पाय.

पहिल्या दिवशी मी शब्द पाळला. लोक बघत होते, अंगात हवा होती. गावागावात आम्हाला थांबवून हार घालायचे, पोहे द्यायचे. आम्ही पाण्याच्या बाटल्या तिथेच फेकून पुढे जायचो. पोरी त्याच्या काळ्या चष्म्यासमोर मोबाईल धरून "भैया, इकडे बघा ना" म्हणायच्या. तो आवाजाकडे तोंड करून हसायचा. चहावाले मला विचारायचे, "यांना साखर चालते का?" एकदा तोच म्हणाला, "चालते ना भाऊ, मले कान हायेत." सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो. चौकातल्या फ्लेक्सवर माझा चेहरा ताटाएवढा होता, त्याचा खाली कोपऱ्यात, वाटीएवढा. मी त्या फ्लेक्सचा फोटो काढून घरी पाठवला.

दुसऱ्या दिवशी घाटंजी सुटलं आणि माझ्या मांड्या गेल्या. पांढरकवड्यापर्यंत कसाबसा रेटलो. मागे आमचा पिकअप येत होता, थकलेल्यांसाठीच ठेवलेला. त्यात आमचे अर्धे वीर बसून केळी खात होते. मीही बसू शकलो असतो. पण अध्यक्षांनी सकाळीच ग्रुपवर टाकलं होतं, आपली जोडसायकल कुठेही थांबणार नाही. आणि मारेगावात स्टेज बांधून तयार होतं.

करंजीच्या पुढे मी जोर सोडला. 'ठरवून नाही' असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला? ठरवूनच. दोन्हीकडे कापसाचं रान, बाया वेचणीला वाकलेल्या, समोर ताणून बांधलेल्या दोरीसारखी सरळ सडक. सायकल मंदावली. मागून आवाज आला.

"दादा, चढ लागला का?"

"हो रे. लागला."

"मंग लावू का जोर?"

"लाव थोडा. मीबी लावूनच राह्यलो."

त्यानं लावला. माझ्या तळव्यांखाली पायडल जिवंत झाले. पाळण्यातल्या पोराला कोणी झोका द्यावा तसे माझे पाय आपोआप फिरू लागले. मला बरं वाटलं. हेच लिहायला सगळ्यात जड जातंय. भीती वाटली नाही, लाज वाटली नाही. बरं वाटलं.

"अजून हाय?"

"अजून आहे. लंबा आहे."

"मारेगाव काय पहाडावर बसवलं का बॉ?" तो धापा टाकत हसला.

मीही हसलो. धाप लागल्याचं सोंग करून हसलो, खोटी धाप, तोंडानं. आता आठवलं की स्वतःच्या तोंडाची किळस येते. गटातला एक डॉक्टर शेजारून पुढे जाताना ओरडला, "वा भाऊ! एकटेच ओढून राह्यले!" मी अंगठा वर केला. मागच्यानं ते ऐकलं असणारच. तो पाय मारत राहिला, थेट मारेगावापर्यंत. मधे दोनदा त्यानं विचारलं, दोनदा मी चढ सांगितला.

स्टेजवर शाल आणि नारळ. एका पुढाऱ्यानं भाषण केलं की यांनी आपले डोळे त्याला दिले. टाळ्या. मला माईक दिला. माझ्या तोंडून निघालं, "मी काहीच केलं नाही. त्यानं फक्त माझ्यावर विश्वास ठेवला." विनय समजून लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या. माझ्या बाजूच्या खुर्चीत त्याचे दोन्ही पाय थरथरत होते. शाल मांडीवर ओढून तो ते झाकत होता. त्याचा मावसभाऊ बसनं मारेगावला आला होता. तो स्टेजवर चढला आणि सगळ्यांसमोर खाली बसून त्याच्या पोटऱ्या दाबू लागला. अध्यक्ष हळूच म्हणाले, "अरे, फोटो झाल्यावर करा ना ते." आणि त्या पोराला उठवलं.

रविवारी मीच त्यांना नागपूरला नेलं. शब्दाचा पक्का ना मी.

चाचणी मी बाहेरच्या जाळीला धरून पाहिली. पहिल्या फेरीत तो मधे होता. दुसऱ्या फेरीत त्याची उजवी मांडी धरली. दुरूनही दिसलं, पाऊल पडताना अंग वाकडं होत होतं. मावसभाऊ कानात काहीतरी सांगत होता, दोरी ताणली जात होती. बाकीचे पोचून पाणी पीत होते तेव्हा हे दोघं शेवटच्या वळणावर होते. त्यानं धावणं पुरं केलं. निवड दुसऱ्यांची झाली.

परतताना गाडीत मावसभाऊ म्हणाला, "याच्या मांड्या तं मारेगावलेच दगड झालत्या. तुम्ही म्हणलं होतं ना दादा, निस्ता बस?"

"चढ लय होते रे," मागच्या सीटवरून तो म्हणाला.

"कायचे चढ? मी त्याच रस्त्यानं आलतो बसनं. मले तं नाही दिसला."

"बसमध्ये बसल्यावर काय दिसते? पायाले समजते ते." मग त्यानं मला विचारलं, "हाय ना दादा? होता ना चढ?"

स्टेअरिंग माझ्या हातात होतं. आरशात तो दिसत होता, मान थोडी पुढे केलेली, कान माझ्याकडे. त्याला सगळं माहीत होतं की काहीच नाही, हे मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. पण त्यानं मला दार उघडून दिलं होतं, एवढं मात्र कळलं.

मी म्हणालो, "होता ना. पायालाच समजतो तो."

"पाह्य बॉ," तो मावसभावाला म्हणाला. "मी म्हणलं नव्हतं?"

करंजीपुढचं खोटं थकव्यातलं होतं म्हणून मी कधी कधी स्वतःला सोडवून घेतो. गाडीतल्या खोट्याला तसली काही पळवाट नाही. एसी लावून, पाय मोकळे करून, पोटभर जेवून बोललेलं खोटं आहे ते.

पुढे मावसभावाला पुण्यात काम मिळालं, तो गेला. दोरी धरायला दुसरं कोणी मिळालं नाही, याचं पळणं बंद पडलं. सध्या गावातल्याच एका दुकानात फोन उचलायचं काम करतो. आमच्या गटात विषय निघाला की डॉक्टर म्हणतात, "पोरगा चांगला होता, पण स्टॅमिना नव्हता. मारेगावलाच दिसलं ना." सगळे मान हलवतात. मीही हलवतो. एकदा तर मीच म्हणालो, "ट्रेनिंग कमी पडलं त्याचं." म्हणालो आणि समोरच्या बशीतला समोसा खाल्ला.

दिवाळीला त्याचा फोन येतो. "दादा, सायकल चालू हाय का?" मी म्हणतो, "चालू आहे." एवढंच बोलणं होतं. ठेवताना तो दर वेळी क्षणभर थांबतो. मी तो क्षण जाऊ देतो.

यंदा पुन्हा मोहीम आहे. नवा खेळाडू शोधून ठेवलाय, एका हातानं पोहणारी मुलगी. जोडसायकलवर पुढे मीच बसावं, असा अध्यक्षांचा आग्रह आहे. मी अजून नाही म्हटलेलं नाही. यातच माझी सगळी किंमत आली.

मला त्याला जे द्यायचं आहे ते असं. तो हजर असताना, त्याच गटासमोर, माईक हातात घेऊन सांगायचं की त्या दिवशी मी त्याला ओढलं नाही, त्यानं मला ओढून आणलं. मी त्याला खोटं सांगितलं आणि त्याची निवड माझ्यामुळे गेली. ते मी अजून दिलेलं नाही.