दोन गाड्या, दोन ताटं

मी सव्वीस वर्षं देवासच्या एका शाळेत भूगोल शिकवते आहे आणि समुद्र अजून एकदाही पाहिलेला नाही. भिंतीवरच्या नकाशातला निळा रंग छडीनं दाखवायचा, "ये अरब सागर, ये बंगाल की खाड़ी" म्हणायचं, आणि पोरांनी वहीत निळी पेन्सिल घासायची. आमचे पूर्वज संस्थानाच्या दफ्तरात कारकून म्हणून आले ते इथलेच झाले. आमच्या घराण्याचा पाण्याशी संबंध आला तो नगरपालिकेच्या नळापुरता. त्यामुळे बारावी झालेल्या मुलानं नौदलाचा फॉर्म भरला तेव्हा आम्ही दोघंही हसलो. टेकडीवर देवीच्या दर्शनाला जाताना रोपवेमध्ये बसलं तरी त्याला गरगरायचं.

तो निवडला गेला. ट्रेनिंग संपल्यावरची परेड बघायला आम्ही इंदूरहून ओडिशाच्या गाडीत बसलो, तेव्हा समोरच्या बाकावर एक ठसठशीत बाई होती. पायाशी बाफल्यांचा, म्हणजे उकडून भाजलेल्या बाट्यांचा डबा आणि मांडीवर शेवेची पिशवी. तिचा मुलगाही त्याच तुकडीत होता. ती धारची, मराठीच. तिचे आजोबा तिथल्या दरबाराच्या घोड्यांवर देखरेख करायचे. तिनं मात्र घरच्यांच्या नाकावर टिच्चून एका ट्रकवाल्याशी लग्न केलं आणि धामनोदला हायवेवर ढाबा टाकला. हे सगळं तिनं मला उज्जैन यायच्या आत सांगितलं. मी शिक्षिका आहे हे कळल्यावर तिनं मला 'बाई' म्हणायला सुरुवात केली. ती वयानं मोठी, म्हणून मी तिला 'ताई' म्हणू लागले.

परेड झाली ती सरोवराकाठी, समुद्र तिथूनही दिसला नाही. पुढे दोघांची पोरं एकाच जहाजावर गेली. परेडला भेटलेल्या माळव्या-निमाडातल्या सात आयांचा ताईंनी मोबाइलवर ग्रुप केला आणि पहिल्याच दिवशी नियम सांगितले. जहाजाचं नाव लिहायचं नाही, बंदराचं नाही, तारीख तर नाहीच. हे सगळं पोरांनीही बजावलं होतं. पण ताईंचा स्वतःचा एक नियम होता आणि तो ट्रकवाल्यांचा होता. जहाज निघालं की आईनं एवढंच लिहायचं, 'गाडी निघाली'. परत आलं की 'गाडी लागली'. मधल्या दिवसांत गाडी कुठं पोचली असेल हे कुणी कुणाला विचारायचं नाही. रोज संध्याकाळी एकीनं दुसरीला फोन करायचा आणि सोयाबीन, सुना, गुडघे, काय वाटेल ते बोलायचं. फक्त समुद्राबद्दल बोलायचं नाही.

मला हे जरा अडाणीपणाचं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या संध्याकाळच्या फोनांची सवय झाली. मुलगा पंधरा-पंधरा दिवस बोलायचा नाही तेव्हा माझे दिवस त्या फोनावर निघायचे. हाटपिपल्याची एक अगदी साधी बाई होती, गाई राखणारी. ती मला फोनवर गाईचं हंबरणं ऐकवायची. ताई मला तंदूर, ड्रायव्हर आणि नवरा या तीन विषयांवर पोट धरून हसवायच्या. माझ्या सख्ख्या बहिणीशी मी इतकं कधी बोलले नव्हते.

दिवाळीनंतर 'गाडी निघाली' असं मी आणि ताईंनी एकाच दिवशी लिहिलं. हाटपिपल्याच्या बाईनं दुसऱ्या दिवशी लिहिलं. तिचा मुलगा वेगळ्या जहाजावर, पण तेही त्याच समुद्रात. आठवड्याभरानं टीव्हीवर अरबी समुद्रातलं वादळ आलं. पांढरं, गोल, मधे भोक असलेलं ते चित्र दर दहा मिनिटांनी दाखवायचे. मला राहवेना. मी शाळेतला जुना नकाशा घरी आणला. मुलगा निघण्यापूर्वी बोलता बोलता काय काय बोलला होता ते आठवलं, जहाज दिवसाला किती जात असेल त्याचा हिशेब केला, पट्टी ठेवली आणि लाल पेनानं एक ठिपका काढला. वादळ बरंच खाली होतं. मला इतका आनंद झाला की मी त्या नकाशाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'घाबरू नका. वादळ इथं आहे आणि आपली मुलं साधारण इथं असावीत.'

दोन मिनिटांत ताईंचा निरोप आला, 'बाई, हे काढा.'

मी काढलं नाही. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लाल पेनानं दाखवणाऱ्या बाईला कुणी चूक दाखवली की काय होतं ते माझ्या नवऱ्याला विचारा. मी उलट अक्षांश-रेखांश समजावून सांगणारा लांबलचक निरोप लिहिला. संध्याकाळी नकाशा काढून टाकला, पण तोवर ताई ग्रुप सोडून गेल्या होत्या आणि माझा फोन उचलत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी वादळानं वाट बदलली. ते वर सरकलं आणि सरळ माझ्या लाल ठिपक्याकडं निघालं.

दुपारी हाटपिपल्याहून फोन आला. गाई राखणाऱ्या बाईचा नवरा होता. "मैडम, आपने जो नक्शा भेजा था, वो उसी को देखे जा रही है। खाना नहीं खा रही।" त्यांनी आवाज चढवला नाही, म्हणून मला जास्तच लागलं. माझा नवरा टीव्ही बंद करत म्हणाला, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा." मी त्याच्यावर डाफरले आणि आत जाऊन रडले. आता तर मलाही तो ठिपका दिसत होता, डोळे मिटले तरी. त्या ठिपक्यात माझा पोरगा उभा होता. ज्या एका बाईच्या सोबतीनं मी हे सहन केलं असतं, तिला मी घालवून बसले होते.

रविवारी सकाळी मी बस धरली. देवासहून इंदूर, इंदूरहून धामनोद. घाट उतरला की निमाडची ऊब अंगावर येते. पण मला वाटभर थंडी वाजत होती. काय बोलायचं ते मी पाठ केलं होतं. ढाब्यावर पोचले तेव्हा ताई परातीत कणीक मळत होत्या. त्यांनी वर पाहिलं, हात न थांबवता म्हणाल्या, "आलात? हात धुवा. कांदे पडलेत."

पाठ केलेलं सगळं बाजूला राहिलं. मी बसले आणि कांदे चिरले. पाच-सहा किलो तरी असतील. रडायला निमित्त मिळालं.

गर्दी ओसरल्यावर त्या शेजारी येऊन बसल्या. "माझा माणूस एकदा अकरा दिवस गायब होता," त्या म्हणाल्या. "तेव्हा मोबाइल कुठले. ह्या ढाब्यावर येणारा जो तो मला सांगायचा. कुणी बोले, भाभी, धुळ्याला दिसली गाडी, पुलाखाली. कुणी नाशिकला. कुणी म्हणे कसाऱ्याला पलटी खाल्लेली एक पाहिली, तीच असेल. सगळे भले लोक हो, मला दिलासा द्यायला बोलायचे. त्यांनी जिथं जिथं सांगितलं, तिथं तिथं मी मनानं जाऊन त्याला मरताना बघून आले. अकरा दिवसांत मी पाच वेळा विधवा झाले, बाई."

"आणि?"

"आणि काय. बाराव्या दिवशी आला, पेरू खात खात. भलत्याच घाटात गिअरबॉक्स गेला होता. मी आधी त्याला दोन ठेवून दिल्या, मग जेवायला वाढलं." त्या हसल्या. "तेव्हापासून आमच्यात जागा सांगत नाहीत. माणूस गाडीत असला तर तो एकाच जागी असतो. आपण त्याला दहा जागी नेऊन ठेवायचं नाही."

मी एम.ए. केलेलं, ही बाई आठवीत शाळा सोडलेली. पण वाट बघणं हे एक शास्त्र आहे आणि ते तिनं पुरतं शिकून घेतलं आहे, हे मला त्या कांद्याच्या ढिगापुढं कळलं.

"हाटपिपल्याला फोन लावा," त्या म्हणाल्या. "तिला सांगा, तुमचं चुकलं."

मी लावला. "बेन, वो नक्शा गलत है। बच्चे कहाँ हैं, मुझे नहीं मालूम।"

मग ती म्हणाली, "सच में नी मालूम?"

"सच में नहीं मालूम।"

"तो फिर ठीक है, मैडम," ती म्हणाली, आणि तिनं नवऱ्याला ताट वाढायला सांगितलेलं मला ऐकू आलं. 'मला माहीत नाही' हे वाक्य मी आयुष्यात वर्गात उच्चारलं नव्हतं. त्यानं एका आईच्या पोटात घास जाईल हे मला कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

दिवे लागायच्या वेळी ताईंनी स्टीलची दोन ताटं घेतली. दाल, शेव-टमाटर, चार-चार रोट्या, कांदा, गूळ. सगळं निगुतीनं वाढून देवाच्या तसबिरीखाली ठेवलं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "गाडी निघाली की त्याचं ताट वाढायचं. मग पहिला जो ड्रायव्हर येईल त्यानं ते खायचं. त्याला सांगायचं नाही, बिल लावायचं नाही. आमच्या सासूपासून आहे हे."

"मग दुसरं कुणाचं?"

त्यांनी मलाच वेड्यात काढल्यासारखं पाहिलं. "तुमच्या पोराचं. दोन गाड्या निघाल्यात ना?"

"तुम्ही ग्रुप सोडला तरी?"

"तुमच्यावर रागावले होते. पोराला उपाशी कशाला ठेवू?"

मी ज्या दिवशी अक्षांश-रेखांश शिकवत होते, त्या दिवशीही ह्या बाईनं माझ्या मुलाला जेवायला वाढलं होतं. मी देवळांत गेले आहे, मोठमोठ्या पूजा पाहिल्या आहेत, पण हात आपोआप जोडले गेले ते त्या दोन ताटांपुढं.

पहिला ट्रक लागला तो कुठल्या तरी दक्षिणेकडच्या माणसाचा. त्याला हिंदी येत नव्हतं, तो मान हलवत जेवला. दुसरे करनालचे एक सरदारजी. ते ताट ताईंनी माझ्या हातात दिलं. मी ते त्यांच्या खाटेवर ठेवलं आणि बाजूला उभी राहिले. ते भुकेले होते. त्यांनी दोनदा दाल मागितली आणि मी दोनदा वाढली. दुसऱ्यांदा वाढताना माझ्या लक्षात आलं की टीव्ही चालू आहे, वादळ दाखवताहेत, आणि मी तिकडं बघत नाहीये. मी रोटी संपली का ते बघत होते.

पुढचे चार दिवस देवासला मीही दोन ताटं वाढली. समोरच्या कारखान्याचा चौकीदार आणि गल्लीतला इस्त्रीवाला जेवून गेले. पाचव्या दिवशी स्टाफरूममध्ये फोन वाजला. आधी नुसताच वारा ऐकू आला, मग मुलाचा आवाज.

"आई, मी आहे. आलो परत, ठीक आहे सगळं." मग दमल्यासारखा, "तुला सांगू आम्ही कुठं होतो?"

समोरच्या भिंतीवर नकाशा होता. मी त्याच्याकडं पाठ केली.

"नको," मी म्हटलं. "जेवलास का?"

"तीन दिवस पोटात काही राहिलंच नाही गं. आता जेवेन."

"नाही रे. जेवला आहेस तू. रोज."

"म्हणजे?" तो हसला. "मग माझं कुणी खाल्लं?"

"करनालचे एक सरदारजी," मी म्हटलं. "दोनदा दाल घेतली." आणि फोन ठेवल्यावर आधी ताईंना लिहिलं, गाडी लागली.