अण्णासमोर बेकारी शिकवताना

हेब्बाळच्या आमच्या घरात नेट फक्त हॉलमध्ये मिळतं, आणि अण्णाही दिवसभर हॉलमध्येच. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो कामाला होता तो बोम्मसंद्र्याचा कारखाना बंद पडला, त्याला तीन वर्षं होत आली होती. मी बी.ए.च्या मुलांना ऑनलाइन अर्थशास्त्र शिकवते. गेल्या सत्रात दीर्घकालीन बेकारीचं प्रकरण आलं.

टाळणार कसं? परीक्षेत हमखास येतं. मुलांना इंग्रजी झेपत नाही, म्हणून कन्नडमध्ये फोडून सांगावं लागतं, आणि अण्णाचं कन्नड माझ्याहून चांगलं. काही सिद्धांतांप्रमाणे माणूस मनाजोगत्या पगारासाठी थांबून राहतो, असं मी सांगितलं तेव्हा तो पेपर वाचत होता. त्याचा हात पानावरच थांबला. अर्ध्या पगारावर जायला तयार असलेल्या या माणसाला पन्नाशीचा म्हणून कुणी दारात उभं केलं नव्हतं. सिद्धांतवाल्यांचा मला भयंकर राग आला, पण माझ्या रागाला परीक्षेत मार्क नसतात.

पुढचा सिद्धांत त्याहून वाईट. बिनकामाचा काळ लांबतो तसं काम मिळणं आणखी अवघड होतं. कसब गंजतं, मालकालाही संशय येतो. मी आवाज खाली आणला.

"मॅडम, स्वल्प मोठ्याने," एक मुलगी म्हणाली.

मोठ्याने सांगितलं. अण्णाला बाहेर जा म्हणावं, तर ते त्याच्या जिव्हारी लागलं असतं. तो रोज सकाळी ओळखीपाळखीच्या लोकांना फोन लावून काम विचारायचा. तेवढं त्याने सोडू नये, एवढंच मला हवं होतं.

मग व्याख्या आली. जो काम शोधतो तोच बेकार. शोधणं सोडलेल्याला मोजणीत धरत नाहीत. तास संपल्यावर अण्णाने विचारलं, "म्हणजे मी शोधायचं सोडलं, तर मी बेकार नाही?"

"पुस्तकाप्रमाणे नाही. पण अण्णा, पुस्तक वेगळं..."

"सरी, ठीक आहे," तो म्हणाला. तीन वर्षांत त्याचा चेहरा इतका मोकळा मी पाहिला नव्हता. "लोकांनी विचारलं तर काय सांगायचं, ते कळलं."

दुसऱ्या सकाळी त्याने फोन लावला नाही. नंतरही कधी नाही. देशातली बेकारी एका माणसाने कमी झाली, आणि मी त्याच्यासमोर बसून पुढचं प्रकरण शिकवायला घेतलं.